सोबत रुमाल जोडला आहे

आदरणीय ताई,

वाकून नमस्कार. पूर्वीच्या पत्रांतही मी असंच लिहीत असे, पण ते वाकणं कागदापुरतं होतं. हल्ली खरोखर वाकतो, कारण त्याशिवाय सोफ्याखालचं निघत नाही. तुमची तब्येत उत्तम असणारच (ती बिघडायला धजत नाही, असा आमच्या घरात समज आहे). साडूसाहेबांचा गुडघा कसा आहे? सात आठवडे दोन बहिणींच्या गप्पा त्यांनी एका खुर्चीत बसून ऐकून घेतल्या, त्याबद्दल त्यांचे आभार वेगळे मानीन. तुमच्या बहिणीला फोनवर विचारलं की ती "बरी आहे" म्हणते. पण दम लागून भिंतीला टेकली होती तेव्हाही ती 'बरी'च होती, त्यामुळे खरं काय ते तुम्हीच कळवा.

तुमचे आभार मानायचे आहेत आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. शेवटी तुमच्याच पद्धतीने दारापासून करतो. आमच्या दारातून तुम्ही बहिणीला घेऊन गेलात तो दिवस मी विसरलेलो नाही. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाने निम्मं काम होईल आणि निम्मं घरातली धूळ गेल्यावर. तुम्ही आमच्या कपाटावरून एक बोट फिरवलंत, ते माझ्यासमोर धरलंत आणि काही बोलला नाहीत. दहा मजली हॉटेलची साफसफाई तीस वर्षं ज्या बाईने सांभाळली तिने काही न बोलणं किती वाईट, हे मला जिन्यात कळलं. तिथे तुम्ही म्हणालात की मी एक पांढरा रुमाल पाठवते, तो घरभर फिरवा आणि परत पाठवा. पांढरा आला तर बहीण परत येईल. चार दिवसांनी पार्सल आलं. त्यात तो रुमाल होता, सात खिशांचा एप्रन होता आणि दोन पानं भरून नियम होते. पाककृती असेल म्हणून मी आधी ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

आता कबुली देतो. तुमचे नियम न वाचताच मी कामाला लागलो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मला स्वच्छता कुणी शिकवावी? घड्याळ साफ करायचं म्हणजे ते उघडायचं, एकेक चाक काढायचं, ब्रशने पुसायचं, पुन्हा बसवायचं. त्याच न्यायाने मी बैठकीच्या खोलीतला पंखा उघडला. मग दिव्याची बटणं, मग रेडिओ, मग दाराची कडी. तीन दिवस मी वर्तमानपत्रं पसरून मध्ये बसलो होतो. चौथ्या दिवशी सगळं जोडलं, तेव्हा पंख्याचा एक स्क्रू उरला (तो पंख्याचा आहे असा माझा अंदाज आहे, रेडिओही बोलत नाही). पंखा आता फिरतो, पण विचार करून फिरतो. आणि खोलीतली धूळ जिथल्या तिथे होती. फक्त पूर्वी ती वस्तूंवर होती, आता वर्तमानपत्रांवर आली. तेव्हा मी हात टेकले आणि तुमची पानं वाचायला घेतली.

काय सांगू ताई, वाचताना मला घड्याळकाम शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांची आठवण झाली. तेही एवढंच आणि असंच बोलत. हत्यारं अंगावर हवीत, एका वस्तूसाठी दोन फेऱ्या मारणारा माणूस दुप्पट दमतो आणि निम्मं करतो. वरून खाली या. फवारा मारून लगेच पुसू नका, मळाला सुटायला वेळ द्या, तोवर पुढचं करा. स्वच्छ असेल ते पुसू नका. काहीही वाचत बसू नका (हे तुम्ही दोनदा लिहिलंत, म्हणजे तुमच्या बहिणीने माझ्याबद्दल बरंच सांगितलेलं दिसतं). दारातून सुरू करा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खोलीला एकच फेरी घाला, मागे वळू नका. फरशी सर्वांत शेवटी, दाराकडे सरकत. ओल्या फरशीवर पाय ठेवणाऱ्याला माफी नाही, तो घरमालक असला तरी. एका खोलीला अठरा मिनिटं.

एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना जो घोटाळा झाला त्यात तुमचा काही दोष नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त बसचालक तुम्हाला आठवत असतील, तुमची बॅग त्यांनीच खाली नेली होती. त्यांना आम्ही ड्रायव्हरसाहेब म्हणतो. माझी धडपड बघून ते मदतीला आले. मी नियम मोठ्याने वाचून दाखवले, दोघांनी दारातून सुरुवात केली, आणि अर्ध्या खोलीनंतर आम्ही समोरासमोर आलो. माझ्या हातात कोरडं फडकं, त्यांच्या हातात ओलं. त्यांचं म्हणणं मी उलट्या बाजूने आलो. माझं म्हणणं ते आले. बराच वाद झाला. मी चाळीस वर्षं घड्याळात डोकं घालून बसलेलो, मला काट्यांची दिशा बसवाला शिकवणार? शेवटी त्यांनी मला हाताला धरून भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं केलं. ताई, ते बरोबर होते. मी आयुष्यभर घड्याळं पाठीमागून पाहिली. झाकण काढून मागून बघितलं की सगळं उलटं फिरतं, आणि माझ्या डोक्यात तीच दिशा बसलेली. ड्रायव्हरसाहेब एवढंच म्हणाले की बसमध्ये असतो तर दोघे गेलो असतो.

झालं ते झालं, म्हणून आम्ही फरशी पुसायला घेतली. पण भांडणाच्या नादात दोघांची तोंडं चुकीच्या बाजूला होती. शिस्तीत मागे सरकत सरकत आम्ही दारात पोचलो, पण ते बाल्कनीचं दार निघालं. समोर आरशासारखी ओली फरशी आणि पलीकडे घर. मी पाय उचलला, तर ड्रायव्हरसाहेबांनी खांद्याला धरून थांबवलं. नियम म्हणजे नियम. आकाश ढगाळ, वारा नाही, फरशी वाळेना. चाळीस मिनिटं आम्ही दोघे त्या बाल्कनीत कुंड्यांमध्ये उभे होतो, मी एप्रनमध्ये आणि ते हातात बादली घेऊन. खालून इस्त्रीवाला विचारून गेला की वर पाणी भरलंय का.

तिथे उभं असताना ड्रायव्हरसाहेब एक बोलले, ते तुम्हाला सांगायला हवं. त्यांची बायको जाऊन अडीच वर्षं झाली. ते म्हणाले, "माझ्याकडे अडीच वर्षांत ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला नाही. कधीकधी मीच जाऊन ठेवतो." एवढं बोलून ते कुंडीतली सुकलेली पानं काढायला लागले. मीही पानं काढली. तोपर्यंत ताई, तुमचा रुमाल मला परीक्षेसारखा वाटत होता, आणि परीक्षा म्हटली की माणूस पळवाट शोधतो. त्या चाळीस मिनिटांनंतर मी पळवाट शोधायचं सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सरळ बाजूने फिरायला लागलो. पहिली खोली पन्नास मिनिटं, मग पस्तीस, मग पंचवीस. तुमच्या सात खिशांतले सहा मला लगेच समजले. दोन फवारे, फडकी, जुना दातांचा ब्रश, खरवडायची पट्टी, कचऱ्याची पिशवी. सातवा रिकामा का, ते कळेना. मग दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं. जागेवर नसलेली वस्तू सातव्या खिशात टाका, फेरी संपल्यावर जागेवर ठेवा. पहिल्या दिवशी त्या खिशात माझा चष्मा, दोन चिमटे, भिंग, चहाचा चमचा, एक मोजा आणि अकरा स्क्रू निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशीही. घरात मी एकटा, म्हणजे हा सगळा पसारा माझा एकट्याचा, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, संसार दोघांचा तसा पसाराही दोघांचा. सातव्या खिशात तुमच्या बहिणीची एक पिनसुद्धा निघाली नाही. बत्तीस वर्षं ती हे सगळं ओंजळीत गोळा करत फिरली आणि मी विचारायचो की दिवसभर घरात असतेस, करतेस काय. मला स्वतःची फार लाज वाटली, ताई.

राहता राहिली भिंतीवरची घड्याळं. दुकान बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकांनी न नेलेली त्रेचाळीस घड्याळं मी घरी आणून टांगली होती. दर आठवड्याला स्टुलावर चढून तुमची बहीण ती एकेक पुसायची. ज्या सकाळी तिला दम लागला त्या सकाळीही ती तेच करत होती, आणि मी टेबलावरून मान वर न करता म्हणालो होतो, "जरा जपून, लंबक हलेल." हे वाक्य तिने तुम्हाला सांगितलंय की नाही माहीत नाही. सांगितलं नसेल तर तिचा मोठेपणा, म्हणून मी सांगतो. वापरात नसून पुसावं लागतं ते घरात नको, हा तुमचा शेवटचा नियम मी तीन दिवस वाचून न वाचल्यासारखा करत होतो. मग जुनी वही काढली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत बसलो. सव्वीस जण येऊन घेऊन गेले. एक बाई घड्याळ छातीशी धरून जिना उतरल्या, ते त्यांच्या वडिलांचं होतं. सोळांचे मालक सापडले नाहीत. ती ड्रायव्हरसाहेबांनी मागितली. मी म्हटलं, धूळ धरतात. ते म्हणाले धरू द्या, घरात काहीतरी वाजेल. आता त्यांच्याकडे दर तासाला सोळा घड्याळं एकापाठोपाठ ठोके देतात (एकाही घड्याळाचं दुसऱ्याशी पटत नाही, सगळी मीच लावलेली आहेत), आणि ते मला अभिमानाने सांगतात की झोप लागत नाही. माझं कामाचं टेबलही वर त्यांच्याकडे गेलं. लोखंडाचा कीस आता तिथे पडतो आणि मी तो तिथेच झाडून येतो.

आमच्या घरात एकच घड्याळ राहिलं, पलंगासमोरचं, कारण त्याच्या टिकटिकीशिवाय तुमच्या बहिणीला झोप येत नाही. तुमच्याकडे ती कशी झोपते, हे मी फोनवर विचारलं नाही. काल खोलीला अठरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून पाहिलं, आणि घड्याळाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. तुम्ही मला मिनिटं वाचवायला शिकवलंत, पण त्या निमित्ताने मी माझंच घर पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी पाहिलं. एका माणसावर रागावलेलं असताना त्याच्यासाठी सात खिसे शिवायला मोठं मन लागतं. त्या एका बोटासाठी, एप्रनसाठी आणि दोन पानांसाठी तुमचे उपकार मी विसरणार नाही. साडूसाहेबांना नमस्कार, आणि तुमच्या बहिणीला जे सांगायचं ते मी समोर बसून सांगेन.

तुमच्या बहिणीचा यजमान आणि तुमचा उशिरा आलेला शिष्य

ता. क. : सोबत रुमाल जोडला आहे. कपाटावरून, पडद्याच्या दांडीवरून आणि पलंगाखालून फिरवलेला आहे. खरं सांगायचं तर ही त्याची चौथी फेरी. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत तो इतका काळा झाला की दर वेळी धुवावा लागला. पण चौथ्यांदा धुतलेला नाही. वास घेऊन पाहा, साबणाचा येणार नाही.

आणखी ता. क. : ड्रायव्हरसाहेबांनाही एक एप्रन हवा आहे. माप मोठं लागेल. खिसे आठ चालतील का, असं ते विचारतात. आठव्यात त्यांना वाटाणे ठेवायचे आहेत.

आणखी एक : पंख्याचं तिला आधी सांगू नका. स्क्रू कुठला ते शोधतो आहे.

शेवटचं : तुमचा एक नियम मी रोज मोडतो, तेवढा माफ करा. स्वच्छ असेल ते पुसू नका, असं तुम्ही लिहिलंत. खिडकीजवळ तुमच्या बहिणीची खुर्ची आहे. सात आठवडे तिच्यावर कुणी बसलेलं नाही, आदल्या दिवशीच पुसलेली असते, तिच्यावर डाग नसतो की धूळ नसते. तरी फेरी संपली की मी तिथे थांबतो आणि ती पुसतो, अठरा मिनिटांत ते धरलेलं नाही. रुमाल पसंत पडला तर तिला लवकर पाठवा. फरशी ओली असली तरी तिला आत येऊ देईन.