चौकड्यांचा परकर

कार्ल्सरूहे, जर्मनी, जुलै २००६

तीर्थरूप दादांस,

मथूचा वाकून नमस्कार. गुडघे दुखतात, पण पत्रात वाकता येतं. श्रीधर आणि सूनबाई मला जपतात, काळजी नको. वहिनींची कंबर कशी आहे?

रविवारी इथे स्कॉटलंडच्या लोकांची जत्रा भरली होती. मोठमोठे बाप्ये चौकड्यांचे परकर घालून ओंडके फेकत होते, देवाशपथ! त्या परकराला किल्ट म्हणतात. आमच्या स्वरालीने आजीलाही एक नेसवला. श्रीधर म्हणाला, "आई, पाय दिसतात." म्हटलं, "आहेत म्हणून दिसतात." ढोल वाजला आणि मी लेझमीच्या पावलांवर अशी नाचले, की बाप्ये ओंडके टाकून टाळ्या वाजवायला लागले.

दादा, मी चौथीत असताना परकर वर जातो म्हणून तुम्ही माझी लेझीम सोडवलीत, मग शाळाही. मी गप्प बसले. आता तुमच्या नातीची, वीणाची लेझीम सोडवताय, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. या वेळी मी गप्प बसणार नाही.

किल्ट मी विकत घेतलाय. वीणाला खेळू द्या. नाहीतर दिवाळीला तो घालूनच येईन आणि तिचा हात धरून तुमच्या अंगणात नाचेन.

तुमचीच हट्टी,
मथू