न मळलेली रोजनिशी

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबतच्या पार्सलात माझा प्रबंध आणि रोजनिशी आहे. दोन्हींना तुझ्या हातची बांधणी हवी. वीस फेब्रुवारीच्या आत कलाशाळेत द्यायचं आहे. ही तिसरी मुदतवाढ, चौथी मागायला मला तोंड उरलेलं नाही. चुकली तर तीन वर्षं पाण्यात.

वहिनी विचारत होती, मडकी करायला पदवी कशाला. तिला सांग, करायला लागत नाही; करताना डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला लागते. आमच्याकडे भांडी मांडायची, त्यामागचा विचार लिहायचा आणि काम करताना रोज ठेवलेली वही जोडायची. माझा विषय 'असमतोलाचं सौंदर्य'. गेली दोन वर्षं माझ्या भांड्यांचं बूड एका बाजूला जाड येतंय. पूर्वी आपण अशा भांड्याला बिघडलेलं म्हणायचो. आता त्यावर चाळीस पानं आहेत, आणि त्यातली मला तीसच समजतात. मार्गदर्शक बाईंना मात्र पसंत आहेत.

लोभ आहेच, तो या पार्सलाच्या वजनाने दबू नये.

तुझी छकुली (वय वर्षं पन्नास)


११ जानेवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंध वाचला, म्हणजे पानं जुळवताना जेवढा डोळ्यांखालून जातो तेवढा. समजला नाही, पण समास छान सोडले आहेस.

रोजनिशीचं मात्र कोडं पडलं. चाळीस वर्षं मी लोकांच्या वह्या बांधतोय. वाण्याच्या वहीला तेल लागलेलं असतं, मास्तरांच्या वहीला चहा. ही तीन वर्षं चाकाशेजारी पडलेली वही, आणि एका पानावर मातीचं बोट नाही! शाई पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच पेनची. कोपरे इतके कडक की माझं बोट कापलं. तू दूध पितानासुद्धा कोपरापर्यंत माखायचीस. ही वही कुणाची आहे?

वहिनीचं म्हणणं, तुला उगाच छळू नये. म्हणून फक्त विचारतोय.

माया आहे तशीच ठेव.

दादा


१८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या नजरेला मानलं. ती मी स्वच्छ अक्षरात उतरवलेली प्रत होती, परीक्षकांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. चाकाशेजारची मूळ वही आता पाठवते आहे. बघ किती मळली आहे; हाताळल्यावर हात धुवून घे. आता शंका पुरे, सुई हातात धर.

घाईत आहे, लोभाबद्दल पुढच्या खेपेला.

छकुली


२५ जानेवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

मूळ वही पोचली. डाग सुरेख आहेत, फार मन लावून पाडलेस. पण पहिल्या वर्षी तू तांबडी माती वापरायचीस, तसं तूच पान सातवर लिहिलं आहेस. मग त्याच पानावर पांढऱ्या मातीचा ठसा कसा उमटला? शिवाय शिवणीत, जिथे माती सगळ्यात आधी जाऊन बसते, तिथे कणभरही नाही. चोऱ्या केल्या असत्यास तर पहिल्याच दिवशी सापडली असतीस.

हसून झालं. पण खोटं शिवायला माझा हात धजत नाही. काम करताना तू काहीतरी खरडत असशीलच. लहानपणी भिंतीसुद्धा सोडल्या नव्हत्यास. ते पाठव.

मीही काही मोठा लागून गेलो नाही. बांधणीवर पुस्तक लिहीन म्हणून वीस वर्षांपूर्वी कोरी पानं बांधली, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव घातलं. आत अजून एक ओळ नाही. डुगडुगणाऱ्या कपाटाला वहिनी त्याचं टेकण लावते.

रागावलीस तरी लिही.

दादा


३० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सापडले. पहिली वही मी आठ दिवसांत सलग बसून लिहिली. 'आज मातीशी संवाद साधला' असं तिच्यात तीन ठिकाणी आहे. माती माझ्याशी कधीही बोललेली नाही. दुसरीवर डाग पाडायला एक दुपार लागली, आणि खरं सांगते, तीन वर्षांत प्रबंधाचं एवढं मजेचं काम दुसरं केलं नव्हतं.

खऱ्या नोंदी म्हणजे चपलांच्या खोक्यातली रद्दी. पावत्यांच्या पाठी, मातीच्या पोत्याचा फाटका कागद, कॅलेंडरची पानं. 'पाणी कमी.' 'हे गेलं.' 'झाकण बसत नाही, देवा.' याला विचार म्हणायचं तर धोब्याची यादीही प्रबंध ठरेल. खोकं तसंच पाठवतेय. निवडायला बसले होते, पण निवडलं असतं तर पुन्हा पहिलीच वही झाली असती. वाचलंस तर लगेच काही लिहू नकोस.

लोभ कमी व्हावा असं वागले आहे, तरी होऊ देऊ नकोस.

छकुली


७ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

लगेच लिहू नको म्हणालीस, म्हणून दोन दिवस थांबलो.

खोक्यात एकशे बारा तुकडे आहेत. एकतीस अंगठ्याबद्दल. 'उजव्या अंगठ्याला जाडी कळत नाही.' 'आजही नाही.' अलीकडच्या एकावर, 'अर्धवट वाळल्यावर बुडाला टिचकी मारली, आवाजावरून जाडी कळली.' पहिला तुकडा दोन वर्षांपूर्वीचा. म्हणजे तुझं असमतोलाचं सौंदर्य तिथून निघालं. मला वाईट वाटलं, रागही आला. परीक्षकांना चाळीस पानं लिहिलीस आणि भावाला एक ओळ नाही.

हात गेला, आता ही संपली, असं लोक म्हणतील याची तुला भीती असणार. टिचकीची चिठ्ठी वाचून मला तसं वाटलं नाही. सगळे तुकडे तारखेने लावलेत, प्रत्येकाला खळीने पट्टी चिकटवून बांधतोय. एकही कापून सारखा करणार नाही. ते परीक्षकांपुढे ठेवायचे की नाही, ते तू ठरव. पण आधी डॉक्टरांकडे जा. त्यांची चिठ्ठी आल्याशिवाय पार्सल सुटणार नाही, मुदत गेली तरी.

तुझा काळजीत पडलेला,
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली तेव्हा सोबत काही लिहिण्याचं धैर्य नव्हतं. मनगटातली नस दबली आहे. थोडी संवेदना परत येईल, सगळी नाही, असं ते म्हणाले. घरी येऊन रडले आणि मग चाकावर बसले, कारण मला दुसरं काही येत नाही.

पार्सल मुदतीत पोचलं, आणि काल परीक्षा झाली. तुझा तो लहानमोठ्या तुकड्यांचा ग्रंथ टेबलावर ठेवला. मी सौंदर्याबद्दल बोलायला लागले, तोवर तिघांतले वयस्क परीक्षक चिठ्ठ्या वाचत होते. त्यांनी मला थांबवलं आणि टिचकी मारून दाखवायला सांगितलं. डोळे मिटून बारा भांडी वाजवली, कुठे जाड, कुठे पातळ ते सांगितलं. त्यांनी आत बोटं घालून पडताळलं. अकरा बरोबर आली. मग अंगठ्याचं मी आपण होऊन सांगितलं. पहिल्या चिठ्ठीपासून सगळं सांगितलं.

पास झाले. दुरुस्ती एकच: चाळीस पानं काढून टाकायची आणि काल तोंडाने सांगितलं तेच दहा पानांत लिहायचं. निघताना मार्गदर्शक बाई हळूच म्हणाल्या, की त्यांनाही तीसच पानं समजली होती. त्यांची कुठली तीस, हे मी विचारलं नाही.

हे पत्र त्या काढलेल्या चाळीसांतल्याच एका पानाच्या पाठीवर आहे. अजून एकोणचाळीस उरलीत, तेव्हा तुला कळवायला कागद नव्हता असं आता म्हणता यायचं नाही.

लोभ वाढला असल्यास कळव, वहिनीचाही.

छकुली


१६ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्यावर वहिनीने ते हातातून घेतलं आणि पुढचं तिनेच वाचलं. मग तिने कपाटाखालचं टेकण काढून, पुसून माझ्यापुढे ठेवलं. इतक्या चांगल्या बांधणीत वाईट वाक्य घालायला मी वीस वर्षं घाबरत होतो, हे आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय.

पहिलं पान लिहिलं. लहानमोठे तुकडे न कापता कसे बांधावेत, याबद्दल. तुला वाचायला पाठवायचं म्हणून शिवण उसवली. खालच्या कोपऱ्यात खळीचा डाग आहे. खरा की पाडलेला, ते तू तपास.

दादा