पाठीवरचं नाव

२ तारीख
आले एकदाची! संग्रहालयातली ही दुरुस्तीची खोली बघून जीव हरखला. मोठी खिडकी, लांबलचक टेबल आणि एकटीचं राज्य. कामही झकास: दरबारी पोशाखातल्या एका सरदारीणबाईंचं तैलचित्र साफ करायचं. जरीचा घोळदार झगा, मोत्यांच्या सात सरी, कोपरापर्यंत लेस. पण बाई कोण, कुणालाच पत्ता नाही. पाटीवर नुसतं 'अनोळखी स्त्री'. एवढा थाट करून बिननावाची राहिली बिचारी!

आमच्या धंद्यात काम संपल्यावर चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने आपलं नाव लिहितात. मी जन्माची उतावळी. आजच लिहून टाकलं. रविवारी आठ वर्षांची लेक आजीबरोबर येणार, तिला दाखवायचंय ना! दाराशी बसणारे पहारेकरीकाका चिडले. म्हणाले, काम पुरं होण्याआधी दिलेलं नाव चित्र ठेवून घेतं. मी हसण्यावारी नेलं.

५ तारीख
कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून मळ काढतेय. ऐकायला किळसवाणं, पण जुन्या रंगाला तेच मानवतं. आज बाईंची हनुवटी उजळली. खाली तीळ निघाला. माझाही नेमका तिथेच आहे. काकांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत.

७ तारीख
हजेरीपुस्तकात माझ्या नावाची जागा कोरी. कारकून म्हणाला, राहिलं असेल, पुन्हा लिहा. पेन हातात घेतलं आणि पहिलं अक्षरच आठवेना. चित्राची पाठ बघितली. तिथेही काही नाही. खोडल्याची खूणसुद्धा नाही.

८ तारीख
लेकीला फोन केला. म्हणाली, काकू, आई घरी नाहीये, कामाला गेलीय. मीच आई गं, म्हटलं तर घाबरून फोन ठेवला. माझ्या पोटच्या पोरीने. दिवसभर रडले.

१० तारीख
आरशात बघितलं. तीळ नाही — काका दारातच अडवतात, विचारतात कुणाला भेटायचंय — कालपर्यंत माझ्या डब्यातलं खात होते —

रविवार
तिकीट काढून आत आले. पाटी बदललीय. 'अनोळखी' नाही, तिथे एक नाव आहे. वाचते, आणि लगेच विसरते —

लेक आली. मी हात पसरले. बाजूने पळत गेली — थेट चित्रासमोर. आई, म्हणाली. चित्राला.

आता माझ्याकडे बघतेय. विचारतेय, तुम्ही का रडताय, तुम्ही कोण. तोंडातून आवाज फुटत नाही, म्हणून वही तिच्यासमोर धरून लिहितेय. वाच बाळा. मी तुझी आई. माझं नाव