शिंकेची दरखास्त

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन सात महिने झाले. मधे बरेचदा लिहावंसं वाटलं, पण हात धजला नाही. आज वर्गात एका मुलीने प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला ते नक्की देता आलं असतं, म्हणून लिहायला बसले.

आठवीला औद्योगिक क्रांतीचा धडा चालू आहे. दरवर्षीसारखा लॅपटॉपवर मूकपट लावला, आपण दोघं पाहायचो त्यातलाच एक. गिरणीतला कामगार दोन यंत्रं सांभाळतो. एकाकडे धावला की दुसरं बिघडतं. दुसऱ्याकडे वळला की फोरमन पहिल्याकडे बोट दाखवतो. सगळा वर्ग पोट धरून हसत होता. रेश्मा तेवढी गप्प. तिची आई मावला गावाजवळच्या एका गोदामात खोकी भरते. किती वेळात किती भरली, ते हातातलं मशीन सांगत राहतं.

"मॅडम, यात हसासारखं काय हाय?" रेश्मा म्हणाली. "माही माय कामावरून येते तं भितीले टेकून बसते. पाणीबी मांगत नाई."

"उद्या सांगते," एवढंच मी म्हणाले.

तुमची आणि या मूकपटांची ओळख कशी झाली, आठवतं का? त्याआधी तुमचं ऐकू येणं गेलेलं होतं, आणि ते तुम्ही माझ्यापासून लपवलंत. हा राग माझा अजून गेलेला नाही. वीस-बावीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या रांगेत उभं राहून तुमचे कान कधी गेले, तुमचं तुम्हाला तरी कळलं का? मला कळलं ते माझी नोकरी लागली त्या दिवशी. मी दारातूनच ओरडले, "बाबा, लागली मले नोकरी!" तुम्ही पाठमोरे बसून चहा पीत होतात. पीतच राहिलात. तुम्हाला आनंद झाला नाही असं वाटून मी रडत आत गेले. मग समोर येऊन कागद दाखवला तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात, आणि मग दोघंही रडलो.

टीव्ही तुम्ही केव्हाच सोडला होता. नुसती हलणारी तोंडं पाहून काय करायचं? एके रविवारी मी वर्गासाठी मूकपट निवडत बसले होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. जरा वेळाने तुम्ही हसलात, मोठ्याने, अगदी शेजारच्यांनी डोकावावं असं. आई गेल्यानंतर तुम्हाला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"याच्यात आवाज नाई ना?" तुम्ही विचारलंत. मी मान हलवली. "मंग हे तं आमचंच बोलनं हाय. जिनिंगमंदी कोन तोंडानं बोलते? सारं हातानंच."

त्यानंतर रविवार तुमचे झाले. मी बी.एड. केलं, पुस्तकं वाचली, पण ते पट पाहायला तुम्ही शिकवलंत. मला पडद्यावरचा तो कामगार वेंधळा वाटायचा. तुम्ही म्हणायचात, "वेंधळा नाई तो. त्याचे पाय पाह्य जरा. ते मशीनच्या मापानं चालून राह्यले. घरी गेला तरी तसाच चालते." फोरमन धावताना दिसला की तुम्ही त्याच्यावरही चिडायचा नाहीत. "तो बी कोनाच्या तरी धाकानं पळून राह्यला. सारेच पळून राह्यले, काऊन ते कोनालेच मालूम नाई." आणि तो पडून उठला, कपडे झटकले, की तुम्ही मांडीवर थाप मारायचात. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातल्या त्या माणसाला तुम्ही आपल्या पाळीतला गडी करून टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यात जिनिंगला नवे मॅनेजर आले. बाहेरगावचे, हिंदी बोलणारे. हंगाम जोरात होता. कापूस टाकणाऱ्या बायांचा दुपारचा चहा त्यांनी बंद केला. पाणी प्यायला गेलं तरी मोबाईलवर वेळ लावायचे. पुढचं सगळं मला आपल्या गल्लीतल्या कमलमावशीने सांगितलं. मूळची वांकिडी गावची ही कमलमावशी तुमच्याच पाळीत कापूस टाकायची.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही बायांपुढे उभे राहिलात आणि एक कामगार करून दाखवलात. तो यंत्रात कापूस टाकतो आहे. नाकात तंतू जातो. शिंक येते. पण शिंकायला वेळ कुठे आहे? एका हाताने नाक दाबून तो दुसऱ्या हाताने कापूस टाकतो. मग खिशातून कागद काढून शिंकेची दरखास्त लिहितो, साहेबांना देतो, मंजुरीची वाट पाहतो. गाल फुगतात, डोळे बाहेर येतात, हात मात्र चालूच. बाया हसून हसून खाली बसल्या.

आणि मग गप्प झाल्या, कारण मॅनेजर तुमच्या मागे येऊन उभे होते. तुम्हाला ते गप्प होणं ऐकूच आलं नाही. कमलमावशी डोळ्यांनी खुणावत होती. तुम्हाला वाटलं, ती रंगली आहे. तुम्ही दरखास्त मंजूर झाल्याचं दाखवलंत, सलाम केलात, असे जोरात शिंकलात की अर्धे वळलात, आणि साहेब समोर.

"ये क्या चल रहा है?" त्यांनी विचारलं. तुम्ही त्यांच्या ओठांवरून ते ओळखलंत.

"काम, साहेब," तुम्ही म्हणालात. "तुमच्या टायमात बसवून पाहून राह्यलो."

संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते उद्यापासून येऊ नका असं ऐकून.

त्या दिवशी मी जे केलं ते आज लिहायलाही जड जातं. मी वही ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'या वयात साहेबाच्या नकला करता? लोक मला काय म्हणतील?' मी मास्तरीण झाले होते ना! तुम्ही ते वाचलंत, वही मिटलीत आणि हळू आवाजात म्हणालात, "साहेबाची नाई केली शालू. माही केली."

मला तेव्हा ते कळलं नाही. आज रेश्मामुळे कळलं. पडद्यावरचा माणूस तिच्या आईला हसत नाही. तो तिच्या आईच्या जागी उभा राहतो. एकट्याने भिंतीला टेकून बसावं लागतं ते तो सगळ्यांसमोर आणतो, आणि पाहणारा म्हणतो, अरे, म्हणजे चूक माझी नव्हती तर. बायांनी तुमच्यात स्वतःला पाहिलं म्हणून त्या हसल्या, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्या आत गेल्या नाहीत. उद्या रेश्माला मी हे सांगेन, तुमचं नाव घेऊन.

दोन दिवस बाया फाटकाबाहेर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी जिनिंगचे मालक शेठ स्वतः आपल्या घरी आले. बाया नाहीत, आणि तीन यंत्रं अडलेली. तुमच्यासारखा फिटर त्यांच्याकडे दुसरा नव्हता. यंत्राचा आवाज तुम्हाला ऐकू यायचा नाही, पण लोखंडावर तळवा ठेवला की कुठला रोलर घासतो ते तुम्ही सांगायचात. आपल्या अंगणात उभे राहून शेठ म्हणाले, "चला, झालं गेलं इसरून जा."

तुम्ही त्यांच्या ओठांकडे पाहिलंत. "येतो," म्हणालात. "बायायचा चहा सुरू करा. आन् पानी प्याले घड्याळ नको."

शेठ हो म्हणाले. तुमचे तीन दिवस भरून द्या, असं तुम्ही म्हणाला नाहीत. ते मी म्हणायला हवं होतं. तुम्ही नुसती पिशवी उचललीत. मी दारात उभी होते, वहीत लिहिलेल्याची माफी मागायची होती. मागितली नाही. आज मागते.

त्या बायांचा चहा अजून चालू आहे, बाबा. मॅनेजर दोन बदलले, चहा नाही बदलला.

आज शाळा सुटल्यावर मी कमलमावशीकडे गेले. म्हटलं, माझ्या वर्गात ये, मुलांना हे तूच सांग. तिने दोनदा "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा मी बोलले तेव्हा ती माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहत होती.

"मावशी, कधीपासून?" मी तिचा हात धरून विचारलं.

"दोन सालं झाले असतील," ती म्हणाली. "कोनाले सांगतलं नाई."

सोमवारची मी रजा टाकली आहे. तिला सरकारी दवाखान्यात नेऊन कान तपासून घेते. तिच्या पाळीतल्या आणखी दोघी यायला तयार आहेत. नंतर शेठकडे जाऊन सगळ्यांसाठी कानात घालायचे बोळे मागणार आहे. दिले नाहीत तर पुन्हा जाईन. तुमच्या बाबतीत मला फार उशिरा कळलं. यांच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
शालू