निशाणाची चौदा भोकं

४ जून १८२५, कनेटिकट

चिरंजीव इनॉक,

आजीचा आशीर्वाद. गुडघे दुखतात, दात दोनच उरलेत, जीभ शाबूत आहे. अक्षर वाकडं आहे, तरी सगळं वाच. पाद्रीबुवांकडून वाचून घेऊ नकोस.

तुझं पत्र पोचलं. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आजोबांच्या घोडदळाचं निशाण प्रार्थनाघरात लावणार, मी पुढच्या बाकावर बसायचं, आणि तू भाषणात सांगणार की आजीनं स्वतःच्या लग्नाचा रेशमी झगा फाडून ते शिवलं. त्याच भाषणात तू थॉर्प घराण्याला इंग्लंडच्या राजाचे कुत्रे म्हणणार. का, तर तुझी बहीण केझाया सायलस थॉर्पशी लग्न करायचं म्हणते आणि तू तिला घराबाहेर काढायला निघालायस.

माझं लग्न तपकिरी लोकरीत झालं, बाळा. अंगाला खाजत होती. रेशीम कुठलं?

पाद्री सांगतात, हिरवा रंग म्हणजे आशा, ढगातली वीज म्हणजे देवाचा कोप, कडेची तेरा भोकं म्हणजे तेरा राज्यांनी झेललेल्या गोळ्या. मी पन्नास वर्षं मान डोलावली. आता तूच जवळ जाऊन बघ. प्रत्येक भोकाला कडेनं बारीक टाके आहेत. गोळी टाके घालून जाते का रे? आणि मोज नीट. चौदा आहेत. एक झालरीखाली दडलंय. झग्याच्या छातीला नाडी ओवायची भोकं असतात ती. या बाजूला सात, त्या बाजूला सात. खालचा घेर पुरला नाही म्हणून छातीचा तुकडा मीच जोडला. ढग काढला तिथं वाइनचा डाग होता.

झगा हल्डा थॉर्पचा. सायलसच्या आजीचा.

स्वातंत्र्याच्या लढाईत तिचा नवरा गिडियन राजाच्या बाजूचा, आम्ही विरुद्ध. त्याला शोधायला आपले घोडेस्वार आले, तेव्हा तो आमच्याच तळघरात सफरचंदाच्या दारूच्या पिंपांमागे बसला होता. तुझ्या आजोबांनी त्याला लपवायचा शब्द दिला होता. कप्तान अंगणात उभा राहून म्हणाला, "निशाणाला रेशीम हवंय, या गावात कुणाकडे आहे का?" मी म्हटलं, "हल्डाकडे आहे. आणि तिचा नवरा हवा असेल तर आमच्या तळघरात आहे."

देशासाठी नाही सांगितलं. तो झगा मला तिच्या लग्नापासून हवा होता.

घर लुटतील म्हणून हल्डानं तो अंगावरच घातला होता. पाच महिन्यांची पोटुशी. कप्तान म्हणाला, "बाई, तुम्हीच उतरवून घ्या." नोव्हेंबरची थंडी, ती तिच्याच दारात थरथरत उभी, आणि मी नाडी ओढतेय. ती रडली नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "घे, डॉर्कस. पण तुला कंबरेत व्हायचा नाही."

शिपाई हसले. तुझे आजोबासुद्धा.

मग कप्तान ओरडला, "ओबाडाया, कैद्याचे हात बांध!" आजोबा इकडेतिकडे दोरी शोधत राहिले. मुद्दाम वेळ काढत होते, मला कळत होतं. मी झग्याची नाडी पुढे केली. "ही घ्या," म्हटलं. त्याच्याच बायकोच्या नाडीनं हात बांधून गिडियनला सफरचंदाच्या झाडाला टांगला. खाली उतरवल्यावर मी ती सोडवून आणली. चांगली नाडी वाया कशाला घालवायची?

आजोबांनी ते निशाण चार वर्षं मिरवलं. घरात मात्र माझ्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. तू म्हणतोस, किती गंभीर होते!

हल्डाची क्षमा मागत नाहीये. ती मेली, आणि जिवंत असती तरी दिली नसती.

आता ऐक. केझायाचं लग्न तुझ्या घरातून होईल. थॉर्पांचं नाव भाषणात येणार नाही. तेवढं केलंस तर मी पुढच्या बाकावर तोंड मिटून बसेन आणि तू माझ्या झग्याचं हवं ते सांग. नाही केलंस, तर निशाण मांडीवर घेऊन सगळ्या गावासमोर ओवून दाखवीन.

हे पत्र ज्यानं बांधलंय ती अर्धी नाडी आहे. सात भोकांना पुरते. बाकीची अर्धी माझ्याकडे आहे.

जिला तो कंबरेत कधीच झाला नाही ती,

तुझी आजी डॉर्कस