नानांचं तर्पणाचं पात्र

नाना, तुमचं तर्पणाचं पात्र मी वनखात्यात जमा केलं. धाकटा भाऊ रागावला आहे. तुम्ही रागावला असतात की नाही, ते ठरवता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

पितृपक्षाच्या तोंडावर त्याने देवासच्या घरातलं तुमचं कपाट उपसलं आणि फडक्यात गुंडाळलेलं ते गेंड्याच्या शिंगाचं पात्र घेऊन थेट धारला माझ्याकडे आला. "ताई, यंदा नानांना यातूनच पाणी देतो. खानदानी चीज आहे!" मी म्हटलं, कागदपत्रं नसताना शिंग घरात ठेवणं गुन्हा आहे. तो हसला. "अगं, आता तर गेंडे वाढले ना? मीच वाचलं. मग काय दिक्कत?" वाढले, खरं आहे. एकेकाळी जेमतेम शेदोनशे उरलेला आपल्याकडचा एकशिंगी गेंडा आता चार हजारांच्या घरात आहे. 'संकटग्रस्त' होता, तो आता 'असुरक्षित' म्हणवतो, म्हणजे धोका एका पायरीने कमी. पण हे आपोआप झालेलं नाही, माणसांनी जन्मभर पहारे दिले. आणि शिंगासाठी मारणारे अजून आहेतच. एवढं सांगून मी दमले. जन्मभर शाळेत शिकवलं, आता घरच्यांना शिकवायचा कंटाळा येतो.

तो दिवस मात्र अजून समोर आहे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, तुमच्याच प्राणिशास्त्राच्या वर्गात. सर्वपित्रीची सकाळ, आई खीर ढवळते आहे, तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून बसला आहात. मी भटजींसमोरच म्हणते, "वर्गात गेंडा वाचवा म्हणता आणि घरी त्याच्याच शिंगातून पाणी सोडता!" भटजी म्हणतात, "मुलीला फार शिकवलंत." तुम्ही पात्र खाली ठेवता. "बाबांना सांगतो, नातीची परवानगी नाही," एवढंच बोलता आणि राहिलेलं तर्पण नुसत्या ओंजळीने पुरं करता. त्यानंतर ते पात्र तुम्ही कधी काढलं नाही. मला त्यावरून एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

वनखात्यातल्या बाईंनी ते पाकिटात घालून सील केलं. अशी शिंगं पुन्हा बाजारात जाऊ नयेत म्हणून पुढे जाळतील बहुधा.

भावाला मी कायदा सांगितला, आणि कायदा खरा आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: तुमच्या हातून मी सोडवलेलं पात्र त्याच्या हातात मला बघवलं नसतं.