भागूनं पाटलांना दारात अडवलं

वेल्हे, ता. ९ डिसेंबर १९३४

ती. आईस,

हैबतीचा दंडवत. खोकला बराचसा गेलाय, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? कपिली व्याली का?

इथं माझी शाळा पाटलांच्या रिकाम्या गोठ्यात भरते. पोरं आत यायला बिचकायची. शेवटी मी म्हटलं, "ही खोली तुमची. कुठं काय असावं, तुम्हीच ठरवा." दुसऱ्याच दिवशी त्यांनी भुई सारवली, सारवायच्या पाळ्या लावल्या. धनगराच्या भागूनं भिंतीवर गेरूचा मोर काढला.

परवा पाटील गवताचे भारे ठेवायला गडी घेऊन आले. गोठा त्यांचाच, मी काय बोलणार? शाळा उठली म्हणून मी पाट्या गोळा करायला लागलो. पण भागू दारात हात पसरून उभी राहिली.

"पाटीलबाबा, वहाणा भाईर काढा. आमी सारवलंय."

पाटलांनी वहाणा काढल्या. आत फिरून मोर न्याहाळला अन् भारे परत धाडले. मग त्यांनी विचारलं, तेही मला नव्हे, भागूला, "माझ्या नातीला हितं जागा हाय का गं?"

"हाय," भागू म्हणाली, "पर उद्या सारवायची पाळी तिची."

धाकट्या रतनकडून हे दोनदा वाचून घे.

तुझा लेक,
हैबती